अमेरिकेत नोकरी गेली तर: स्टेटकडे बेकारीचा क्लेम कसा टाकायचा, पहिल्या दिवसापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत

एप्रिल २०२० मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा मी दोन आठवडे काहीच केलं नाही. न्यू जर्सीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघायचे, कंपनीचा सगळा धंदा लग्नं आणि कॉन्फरन्सवर, मार्चमध्ये ते सगळं ठप्प झालं आणि एका व्हिडिओ कॉलवर आम्हा अकरा जणांना सांगून मोकळे झाले. मैत्रीण लगेच म्हणाली, अगं अनएम्प्लॉयमेंट टाक आजच्या आज, आणि मला ते ऐकूनच कसंतरी झालं. सरकारी भत्त्यावर जगायचं? साताऱ्याला आईबाबांना काय सांगायचं? शेवटी नवऱ्याने माझा पे-स्टब उघडून एक बारीक ओळ दाखवली, दर पगाराला थोडे पैसे बेरोजगारी विम्याच्या नावाने कापले जात होते आणि मी ते तीन वर्षं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी क्लेम टाकला. पण मधले दोन आठवडे गेले ते गेलेच, कारण क्लेम ज्या आठवड्यात टाकता त्या आठवड्याच्या रविवारपासून तो सुरू होतो, मागची तारीख हवी असेल तर सबळ कारण लागतं आणि संकोच वाटत होता हे कारण धरत नाहीत. त्या काळात दर आठवड्याला फेडरल सरकारचे वरचे ६०० डॉलर मिळत होते, म्हणजे नुसते तेच १२०० डॉलर मी हातचे घालवले.

२०२३ मध्ये दुसऱ्यांदा लेऑफ झाला तेव्हा त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसले. मधल्या काळात ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे फॉर्म भरायला मदत केली, त्यात जे जे चुकताना बघितलं ते सगळं इथे लिहितेय. उदाहरणं जास्त करून न्यू जर्सीची आहेत कारण ते मला नीट माहीत आहे, पण पद्धत सगळीकडे साधारण तीच.

आधी हे डोक्यातून काढा की ही भीक आहे

हा विमा आहे. महामंदीच्या काळात १९३२ मध्ये विस्कॉन्सिनने पहिला कायदा केला, मग १९३५ च्या सोशल सिक्युरिटी अ‍ॅक्टने तो देशभर आला. हप्ता कंपनी भरते, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पहिल्या ७००० डॉलर पगारावर फेडरल कर असतो (सवलत धरून वर्षाला माणशी साधारण ४२ डॉलर) आणि त्याशिवाय स्टेटचा वेगळा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन ठिकाणी तर कर्मचाऱ्याच्या पगारातूनही कापतात. आपण गाडीचा विमा भरतो आणि गाडी ठोकली की क्लेम करतो, तेव्हा लाजतो का? स्टेटचा कर मात्र कंपनीच्या लेऑफच्या इतिहासावर कमीजास्त होतो, म्हणजे तुमचा क्लेम मंजूर झाला तर कंपनीचा दर वाढू शकतो, आणि म्हणून काही कंपन्या क्लेमला हरकत घेतात. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आणखी एक भीती आपल्या लोकांत फार आहे, की भत्ता घेतला तर ग्रीन कार्डला अडचण येईल. बेरोजगारी विमा हा पब्लिक चार्जमध्ये (सरकारी मदतीवर जगणारा असा शेरा) धरला जात नाही, तो कमावलेला हक्क मानतात. या भीतीपोटी पात्र असून क्लेम न टाकणारी दोन-तीन घरं तरी मला माहीत आहेत.

व्हिसाचं काय

इथे खरी गोची आहे, त्यामुळे सावकाश वाचा. स्टेट दोन गोष्टी बघतं. एक, जे पगार धरून भत्ता काढायचा ते मिळवताना तुम्हाला कामाची कायदेशीर परवानगी होती का. दोन, आत्ता ज्या आठवड्याचे पैसे मागताय त्या आठवड्यात तुम्ही काम करायला मोकळे आहात का, म्हणजे उद्या कोणी नोकरी दिली तर कायद्याने लगेच रुजू होऊ शकता का.

सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना काहीच प्रश्न नाही. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड असेल, किंवा ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग असून त्यावर ईएडी असेल, तर तुम्ही कोणाकडेही काम करू शकता, म्हणून सहसा पात्र ठरता. फक्त कार्डाची तारीख बघा. रिन्युअल अडकलं आणि मधे गॅप पडला तर त्या आठवड्यांना तुम्ही कामाला मोकळे नाही, त्यांचे पैसे मागायचे नाहीत.

एच-१बी (कंपनीने काढलेला कामाचा व्हिसा) वाल्यांना बहुतेक ठिकाणी मिळत नाही, कारण परवानगी त्या एका कंपनीपुरती असते, ती सुटली की नवी पिटिशन (कंपनीने तुमच्यासाठी करायचा अर्ज) होईपर्यंत तुम्ही कामाला मोकळे नसता. हप्ता तुमच्या नावाने पण भरला गेलेला असतो, त्यामुळे हे अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं, पण नियम आज असा आहे. कोणीतरी ग्रुपवर सांगतं की टाकून बघा, काय होतंय. टाकायला बंदी नाही, पण फॉर्मवर मी कुठल्याही कंपनीत लगेच काम करू शकतो असं खोटं लिहू नका, ते उत्तर तुमच्या नावावर कायमचं राहतं. तुमची लढाई वेगळी आहे: नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत, आय-९४ (इथे राहायच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस, आणि त्यात नवीन कंपनीची पिटिशन किंवा स्टेटस बदलायचा अर्ज. पहिल्या आठवड्यातच इमिग्रेशन वकिलाला फोन करा. घरात दोघांपैकी एकाकडे ईएडी असेल आणि त्याचीच नोकरी गेली असेल तर मात्र त्याने क्लेम नक्की टाकायचा, जोडीदाराच्या एच-१बी चा त्याच्याशी संबंध नाही.

जे स्वतःची एलएलसी (छोटी कंपनी) काढून कॉर्प-टू-कॉर्प किंवा १०९९ वर, म्हणजे कर्मचारी न होता कंत्राटाने काम करतात त्यांनी पण नीट ऐका. महामारीत अशा लोकांसाठी पीयूए नावाची खास योजना होती, उबर चालवणाऱ्यापासून घरी डबे करून देणाऱ्या काकूंपर्यंत पुष्कळांना तिचा आधार झाला. ती ६ सप्टेंबर २०२१ च्या सुमारास सगळीकडे संपली, काही स्टेट्सनी त्याआधीच बंद केली. आता साधारणपणे डब्ल्यू-२ वरचा, म्हणजे कंपनीचा कर्मचारी म्हणून मिळालेला पगार असेल तरच भत्ता.

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी

राजीनामा लिहून देऊ नका. एचआर गोड बोलून सांगतं की रिझाइन केलंत तर पुढच्या नोकरीला बरं दिसेल, आणि आपण मान राखायला सही करून टाकतो. स्वतःहून सोडली अशी नोंद झाली की स्टेट विचारतं का सोडली, आणि मग ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. काम संपल्यामुळे काढलं असं लिहिलेलं पत्र किंवा निदान ईमेल मागा.

मग कंपनीचा लॉगिन बंद व्हायच्या आत पे-स्टब (शक्यतो मागच्या दीड वर्षाचे), डब्ल्यू-२ आणि ऑफर लेटर आपल्या पर्सनल ईमेलवर घ्या. नुसते स्वतःच्या पगाराचे कागद, कंपनीची दुसरी कुठलीही फाइल उचलू नका, उगाच गैरवर्तनाचं निमित्त हातात द्याल. शेवटचा कामाचा दिवस आणि पगारावरचा शेवटचा दिवस वेगळे असतील तर दोन्ही लिहून ठेवा. मोठ्या कंपन्यांना मोठ्या लेऑफच्या आधी फेडरल कायद्याने ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, न्यू जर्सीत एप्रिल २०२३ पासून ९० दिवसांची आणि वर नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवड्याचा सेव्हरन्स (काढताना दिलेली भरपाई). त्या नोटिशीच्या काळात घरी बसवून पगार चालू असेल तर तुम्ही अजून नोकरीतच आहात, त्या आठवड्यांचा भत्ता मिळत नाही.

सेव्हरन्स मिळतोय म्हणून क्लेम टाकायचाच नाही असं बरेच जण धरून चालतात, ते बरोबर नाही. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे सहसा भत्ता अडत नाही, न्यू जर्सीत एकरकमी सेव्हरन्स असेल तर सहसा नाही, टेक्सससारख्या ठिकाणी मात्र भत्ता पुढे ढकलला जातो. तुम्ही आकडा आणि तारीख खरी लिहा, अडतं की नाही ते स्टेटला ठरवू द्या.

हेल्थ इन्शुरन्सचं घड्याळ पण त्याच दिवशी सुरू होतं. कोब्रा (कंपनीचाच इन्शुरन्स स्वतः पैसे भरून चालू ठेवणं) घ्यायचं की नाही ठरवायला ६० दिवस असतात, आणि मार्केटप्लेसवर (इन्शुरन्स घ्यायची सरकारी साइट, न्यू जर्सीत गेट कव्हर्ड एनजे, कॅलिफोर्नियात कव्हर्ड कॅलिफोर्निया) खास मुदतीत नवीन पॉलिसी घ्यायलाही कव्हर गेल्यापासून ६० दिवस. आधी मार्केटप्लेसचा भाव बघा, उत्पन्न कमी झाल्यावर सबसिडी बसली तर कोब्रापेक्षा बरंच स्वस्त पडू शकतं. भत्ता पण उत्पन्नात धरला जातो हे तिथे भरताना विसरू नका.

कुठल्या स्टेटला टाकायचा

राहता तिथे नाही, काम केलं तिथे. एडिसनला राहून रोज मॅनहॅटनला जाणाऱ्याचा क्लेम न्यूयॉर्कला. महामारीनंतर घरून काम करणाऱ्यांचं यात फार गोंधळतं, ऑफिस एका स्टेटमध्ये, घर दुसऱ्या, मॅनेजर तिसऱ्या. सोपा मार्ग म्हणजे एचआरला किंवा पेरोलला एकच प्रश्न विचारा, माझा बेरोजगारी विम्याचा कर कुठल्या स्टेटला भरला. मागच्या दीड वर्षात दोन स्टेट्समध्ये पगार झाला असेल तर दोन्ही एकत्र करून क्लेम टाकता येतो, फॉर्मवर दुसऱ्या स्टेटची नोकरी लिहायला मात्र विसरू नका नाहीतर रक्कम कमी निघते.

किती मिळणार

सगळं बेस पीरियडवर, म्हणजे ज्या काळातला पगार धरतात त्यावर अवलंबून. शेवटच्या पाच पूर्ण झालेल्या तिमाह्या घ्यायच्या आणि त्यातल्या पहिल्या चार धरायच्या. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये क्लेम टाकला असेल तर एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चा पगार. नुकतीच नोकरी लागली होती आणि त्या चारमध्ये पुरेसा पगार नसेल तर बऱ्याच ठिकाणी पर्यायी बेस पीरियड असतो ज्यात अलीकडच्या तिमाह्या धरतात, पहिलं पत्र नकाराचं आलं तरी हे विचारून बघायचं.

न्यू जर्सीत सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के, वर मर्यादा. २०२५ च्या क्लेमसाठी ती आठवड्याला ८७५ डॉलर होती. तुम्ही मर्यादेच्या खाली असाल आणि घरात न कमावणारा जोडीदार किंवा मुलं असतील तर अवलंबितांसाठी थोडी वाढ मिळते, ती मागावी लागते. जास्तीत जास्त २६ आठवडे. बाकी स्टेट्समधला फरक बघितला तर वाईट वाटतं. कॅलिफोर्नियात कमाल ४५० डॉलर आणि ती २००५ पासून तिथेच आहे, बे एरियाच्या भाड्यात त्याचं काय होतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. फ्लोरिडात २७५ डॉलर आणि आठवडेही बरेच कमी. वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हजाराच्या वर जातं.

आणि महामारीतले ते वरचे ६०० किंवा नंतरचे ३०० आता नाहीत. मार्च २०२० च्या केअर्स अ‍ॅक्टने दिलेले ६०० जुलै २०२० ला संपले, ३०० सप्टेंबर २०२१ ला. अजूनही लोक मला विचारतात म्हणून लिहिलं. घरखर्चाचा हिशोब आजच्या आकड्यावर करा.

फॉर्म भरताना

स्टेटच्या लेबर डिपार्टमेंटचीच साइट वापरा, पत्त्याच्या शेवटी डॉट-गव्ह आहे ना ते बघा, क्लेम फुकट असतो, पैसे मागणारी साइट म्हणजे फसवणूक. सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्ड किंवा ईएडी वरचा नंबर आणि तारीख, दीड वर्षातल्या सगळ्या कंपन्यांची कायदेशीर नावं पत्त्यांसकट, बँकेचा राउटिंग नंबर, एवढं शेजारी घेऊन बसा. कंपनीचं नाव पे-स्टबवर जसं आहे तसंच लिहा. आपल्यातले बरेच जण क्लायंटच्या ऑफिसात बसतात आणि पगार कन्सल्टिंग कंपनी देते, तिथे क्लायंटचं नाव लिहिलं की क्लेम अडकतो. तुमचं स्वतःचं नावही कागदोपत्री सारखं हवं, माझ्या एका मैत्रिणीच्या ईएडीवर माहेरचं आडनाव आणि पेरोलला सासरचं होतं, नुसत्या त्या एका गोष्टीने पाच आठवडे गेले.

ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी आयडी डॉट मी किंवा तसलं काही लागतं, फोनवरून चेहऱ्याचा फोटो वगैरे. ईमेल आली की लगेच करून टाका. ती पायरी राहिली तर क्लेम तिथेच पडून राहतो आणि तुम्हाला वाटतं स्टेट दिरंगाई करतंय.

नोकरी का गेली या चौकटीत एक ओळ पुरे: काम नसल्यामुळे लेऑफ. मॅनेजर कसा वागला, कोणाला ठेवलं आणि मला काढलं, हे मनात कितीही असलं तरी तिथे लिहू नका, त्यातलं एखादं वाक्य वाचून समोरचा चौकशी लावतो आणि महिना जातो.

दर आठवड्याचं सर्टिफिकेशन

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. क्लेम मंजूर झाला म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत, दर आठवड्याला (कॅलिफोर्नियात दर दोन आठवड्यांनी) साइटवर जाऊन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काम करायला सक्षम होतात का, मोकळे होतात का, नोकरी शोधली का, आलेलं काम नाकारलं का, काही कमाई झाली का. हे पहिल्या आठवड्यापासून करायचं, क्लेम अजून पेंडिंग असला तरी. नंतर मंजूर झाला तर मागचे सगळे आठवडे एकदम मिळतात, पण सर्टिफाय केलेले असतील तरच.

कमाईचा प्रश्न नीट समजून घ्या. ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात लिहायची, पैसे हातात कधी आले ते महत्त्वाचं नाही, आणि टॅक्स कापायच्या आधीचा आकडा. थोडं काम केलं म्हणून सगळा भत्ता जात नाही. न्यू जर्सीत तुमचा भत्ता ६०० असेल तर त्यात २० टक्के मिळवून ७२० धरतात आणि त्यातून तुमची कमाई वजा होते, २०० कमावले तर ५२० मिळतात. कॅलिफोर्नियात कमाईतले २५ डॉलर किंवा चौथा हिस्सा, जे जास्त असेल ते सोडून बाकी वजा, म्हणजे ४५० भत्ता आणि २०० कमाई असेल तर ३००. दोन्ही स्टेट्समध्ये थोडं काम करणारा माणूस हातात जास्तच घेऊन जातो. शेजारणीच्या दुकानात शनिवारी बसलात, कोणाच्या मुलाला गणित शिकवलंत, रोख मिळाले, तरी लिहा. पेरोलमधली कमाई स्टेट नंतर जुळवून बघतं, आणि लपवलं असं ठरलं तर पैसे परत तर द्यावे लागतातच, वर निदान १५ टक्के दंड.

नोकरी शोधल्याची वही ठेवा. तारीख, कंपनी, पद, कुठून अर्ज केला, काय उत्तर आलं. महामारीत ही अट बऱ्याच ठिकाणी उठवली होती त्यामुळे त्या वेळी क्लेम केलेल्यांना सवयच नाही, आता परत आहे, न्यू जर्सीत आठवड्याला तीन ठिकाणी तरी प्रयत्न दाखवावे लागतात. आजारी पडलात तर त्या आठवड्यात सक्षम होतो असं लिहू नका, न्यू जर्सीत अशा वेळी बेकारीच्या काळातल्या डिसॅबिलिटीचा वेगळा क्लेम असतो.

भारतात जायचं असेल तर

हा प्रश्न आपल्याच लोकांना पडतो आणि उत्तर कुठल्याच ठळक जागी लिहिलेलं नसतं. नोकरी गेलीच आहे तर महिनाभर घरी जाऊन येऊ असं प्रत्येकाच्या मनात येतं. जा जरूर, पण देशाबाहेर असताना तुम्ही इथल्या कामाला मोकळे नाही, त्या आठवड्यांचे पैसे मागता येत नाहीत, आणि पुण्यात बसून सर्टिफाय केलं तर बाहेरच्या देशातलं लॉगिन दिसतं. मी इथेच आहे, मी तुझं बटण दाबतो असं नवऱ्याने किंवा मित्राने केलं तरी ती फसवणूकच.

२०२३ मध्ये माझ्या आईचं ऑपरेशन होतं, मी तीन आठवडे साताऱ्याला होते, ते तीन आठवडे मी सर्टिफाय केलेच नाहीत. परत आले त्या आठवड्यात साइटवर जाऊन क्लेम रीओपन केला, दोन प्रश्न विचारले, पुढच्या आठवड्यापासून पैसे चालू. न वापरलेली रक्कम वाया जात नाही, क्लेमचं वर्ष ५२ आठवड्यांचं असतं आणि शिल्लक त्या वर्षात नंतर वापरता येते.

पेंडिंग, फोन, नकार, अपील

मार्च २०२० च्या मध्यापर्यंत देशभरात आठवड्याला दोन-पावणेतीन लाख नवे क्लेम यायचे. २१ मार्चला संपलेल्या आठवड्यात ३० लाखांच्या वर आले आणि पुढच्याच आठवड्यात ६० लाखांच्या आसपास गेले, त्याआधीचा विक्रम १९८२ चा, सात लाखांच्या जरा आतला. न्यू जर्सीची सिस्टिम कित्येक दशकं जुन्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेवर, गव्हर्नर मर्फींनी एप्रिल २०२० मध्ये कोबोल येणाऱ्या लोकांनी मदतीला या असं जाहीर सांगितलं. वायटूकेच्या (सन २००० साठी जुने प्रोग्राम दुरुस्त करायच्या) वेळी इथे आलेल्या आपल्या कितीतरी काका लोकांनी ते ऐकून जुन्या आठवणी काढल्या. आता तेवढी गर्दी नाही पण फोन लागायला अजून चिकाटी लागते, सकाळी लाइन उघडताक्षणी लावा, आठवड्याच्या मधल्या दिवशी लावा. चार-पाच आठवडे नुसतं पेंडिंग दिसत असेल तर तुमच्या स्टेट असेंब्लीच्या किंवा सिनेटच्या प्रतिनिधीच्या ऑफिसला ईमेल करा, क्लेमची तारीख आणि काय अडलंय ते चार ओळीत. त्यांच्याकडे अशा तक्रारींसाठी माणसं असतात, माझ्या बघण्यातले दोन क्लेम असेच सुटले. सिटिझन असायची गरज नाही, तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता एवढं पुरे.

चौकशीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, त्या दिवसांत प्रत्येक फोन उचला. नकाराचं पत्र आलं तर पहिल्यांदा त्यातली अपिलाची शेवटची तारीख शोधा आणि फ्रिजवर लावा. न्यू जर्सीत २१ दिवस, कॅलिफोर्नियात ३०, टेक्ससमध्ये फक्त १४, आणि ते पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला मिळाल्यापासून नाही. अपिलात लांबलचक लिहायचं नाही. मला हा निर्णय मान्य नाही, मला काम नसल्यामुळे काढलं, सोबत पत्र जोडलंय, बस. हिअरिंग बहुतेक फोनवर होतं, कंपनीचा माणूस दुसऱ्या लाइनवर असतो. कागद आधी पाठवून ठेवा, जे विचारलं तेवढंच बोला, इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर दुभाषी मागा, तो फुकट मिळतो. माझ्या ओळखीतल्या एका दादांच्या कंपनीने लिहून दिलं होतं की यांनी स्वतः सोडली, हिअरिंगला त्यांनी एचआरची एकच ईमेल वाचून दाखवली, आज तुमची पोझिशन संपत आहे, आणि निकाल फिरला. ती ईमेल त्यांनी पहिल्याच दिवशी पर्सनल अकाउंटवर पाठवून ठेवली होती. अपील चालू असताना सर्टिफाय करणं थांबवू नका, पुष्कळ जण रागाने थांबवतात आणि जिंकल्यावर त्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत.

कधी स्टेटच जास्त दिले म्हणून परत मागतं. पत्र बाजूला टाकू नका, चूक तुमची नसेल तर माफीचा अर्ज असतो, हप्ते पण मिळतात. आणि तुम्ही क्लेम टाकलेलाच नसताना घरी डेबिट कार्ड किंवा पत्र आलं, महामारीत हे अफाट झालं, तर ते कार्ड चालू करू नका. स्टेटला फसवणुकीची तक्रार करा, कंपनीच्या एचआरला सांगा, आणि इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन तिघांकडे क्रेडिट फ्रीझ करा, ते फुकट आहे.

बाजार सावरलाय म्हणतात, मग मला नोकरी का नाही

एप्रिल २०२० ला बेकारी १४ टक्क्यांच्या वर होती, दोन महिन्यांत दोन कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या. २०२२ च्या मध्यापर्यंत आकडा भरून आला, २०२३ च्या सुरुवातीला बेकारी ३.४ टक्के. पण भरून आलेल्या नोकऱ्या त्याच नव्हत्या. हॉटेलं-रेस्टॉरंटं फार मागे राहिली, हॉस्पिटलं आणि घरपोच सामानवाले वाढले, टेक कंपन्यांनी महामारीत भरमसाट माणसं घेतली आणि २०२२ च्या शेवटापासून हजारोंनी काढली. त्यामुळे एकूण आकडा बघून स्वतःला दोष देऊ नका.

दर गुरुवारी सकाळी साडेआठला लेबर डिपार्टमेंट नव्या क्लेमचा आकडा काढतं, बातम्यांत तोच येतो. त्याच्यासोबत चालू क्लेमचा पण आकडा असतो, तो बघायला शिका. नवे क्लेम कमी आणि चालू क्लेम वाढलेले, याचा अर्थ कंपन्या फार काढत नाहीत पण ज्यांना काढलं त्यांना कोणी पटकन घेतही नाही. २०२५ मध्ये नेमकं हेच चित्र होतं, बेकारांपैकी साधारण चौथा हिस्सा २७ आठवडे किंवा जास्त काळ बेकार, आणि भत्ता संपतो २६ ला. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की शोध पहिल्या आठवड्यापासून लावा, भत्ता आहे म्हणून उन्हाळाभर थांबू नका, आणि पहिल्या दोन महिन्यांत हवं ते पद शोधा, नंतर जाळं मोठं करा, शेजारच्या क्षेत्रात, कंत्राटी, थोड्या कमी पगाराचं. स्टेटकडून रीएम्प्लॉयमेंटच्या मीटिंगचं पत्र येतं, ती चुकवली तर भत्ता अडतो. मी पण कंटाळत गेले होते, पण तिथल्या बाईंनी माझा रेझ्युमे तीन पानांवरून एका पानावर आणला आणि हॉस्पिटलच्या बिलिंगकडे वळा म्हणाल्या, जिथे मी आज आहे. वन-स्टॉप सेंटरला (नोकरी शोधायला मदत करणारं केंद्र) ट्रेनिंगचे पैसे पण असतात, आणि न्यू जर्सीत मंजूर ट्रेनिंग असेल तर भत्त्याचे आठवडे वाढू शकतात, मात्र हे कोर्सला नाव घालायच्या आधी विचारा, स्वतःहून दिवसभराचा कोर्स लावलात तर कामाला मोकळे नाही म्हणून भत्ता थांबू शकतो.

नोकरी लागल्यावर

रुजू झालात त्या आठवड्यात शेवटचं सर्टिफाय करा, त्या आठवड्याची कमाई लिहा, पहिला पगार पुढच्या महिन्यात येणार असला तरी. त्यानंतर करू नका. जानेवारीत १०९९-जी (वर्षात किती भत्ता मिळाला त्याचा टॅक्ससाठीचा फॉर्म) येतो, बऱ्याच ठिकाणी पोस्टाने येत नाही, साइटवरून उतरवून घ्यावा लागतो. भत्त्यावर फेडरल टॅक्स लागतो, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्नियाचा स्टेट टॅक्स लागत नाही, न्यूयॉर्कचा लागतो. क्लेम टाकतानाच १० टक्के कापून घ्या असं सांगता येतं, मी २०२० ला सांगितलं नव्हतं आणि एप्रिलच्या आसपास हातात पैसे नसताना भरावे लागले, २०२३ ला पहिल्याच पानावर ती खूण केली. साइटचा लॉगिन, सगळी पत्रं आणि नोकरी शोधल्याची ती वही निदान तीन-चार वर्षं जपून ठेवा, माझ्या २०२० च्या क्लेमबद्दल स्टेटचं एक पत्र २०२२ मध्ये आलं होतं, आणि वही होती म्हणून त्याच दिवशी उत्तर देता आलं.